आत राहिलेला तुकडा

गॅरेजांच्या गल्लीतला शेवटचा पत्र्याचा गाळा दातवाल्यांचा. दातांशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. इंजिनात तुटून अडकलेले बोल्ट काढणं, हा त्यांचा धंदा. एखाद्या मेस्त्रीने गंजलेल्या बोल्टवर जोर लावावा, बोल्टचं डोकं पान्याबरोबर हातात यावं आणि दांडा आत राहावा. मग तो दोन दिवस त्याच्याशी झटापट करायचा, भोकाची आणखी वाट लावायचा, आणि तिसऱ्या दिवशी इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं जड झाकण, पोत्यात गुंडाळून खालमानेने शेवटच्या गाळ्याकडे निघायचा. "चालला बघा दात काढायला!" म्हणून बाकीचे ओरडायचे. त्यावरून हे नाव पडलं. एकदा तर एक म्हातारी गालाला फडकं बांधून खरोखरच गाळ्यात येऊन बसली. दातवाल्यांनी तिला नीट दवाखान्याचा रस्ता दाखवला, रिक्षात बसवून दिलं आणि शेजारच्या मेस्त्रीला दिवसभर शिव्या घातल्या, कारण तिला गाळ्याचा पत्ता देणारा तोच होता.

माणसाचे हात सोन्याचे आणि जीभ कानशीसारखी. कोणाला काही शिकवायचं नाही, हा त्यांचा खाक्या. काम घेतलं की गिऱ्हाइकाला बाहेर काढायचे आणि शटर अर्धं खाली ओढायचे. "तीस वर्षं हात भाजून घेतलेत," म्हणायचे, "यांना पाच मिनिटांत बघून घ्यायचंय."

आत बसायची मुभा एकट्या त्यांच्या बायकोला. गल्ली तिला वहिनी म्हणायची. वहिनी दुपारी डबा घेऊन यायच्या. त्यांचं जेवण झालं की तिथेच एका लाकडी खोक्यावर बसून ड्रिलची बिटं रॉकेलने पुसायच्या, मापाप्रमाणे फळीवर लावायच्या आणि संध्याकाळी दोघं बरोबर घरी जायची. शेजारच्या मेस्त्रीने एकदा चिडवलं, "आम्हाला हाकलता, मग वहिनी कशा चालतात हो?"

"तिला काय कळतंय?" दातवाले म्हणाले.

वहिनी हसल्या. त्यांना त्यात अपमान वाटला नाही; निदान तेव्हा तरी वाटला नाही. बावीस वर्षं त्या त्या खोक्यावर बसून बघत होत्या.

मग एका सकाळी आरशासमोर दाढी करताना दातवाल्यांच्या हातातून रेझर पडलं. ते उचलायला वाकले ते तसेच कलंडले. अठरा दिवसांनी इस्पितळातून घरी आले तेव्हा उजवा हात लाकडासारखा लोंबत होता, पाय ओढत होता आणि वाचा गेली होती. डॉक्टर म्हणाले, समजतं त्यांना सगळं, पण शब्द बाहेर यायची वाट बंद झालीय. सगळी नाही, एक शब्द तेवढा सुटून आला होता: "थांब." भूक लागली तरी थांब, उशी हवी तरी थांब, लेक कामावर निघाली तरी थांब. पहिले काही दिवस लेक खरंच दारात थांबायची आणि विचारायची, "काय बाबा? काय हवंय?" ते डोळे गच्च मिटून घ्यायचे. त्यांना म्हणायचं असायचं, सांभाळून जा.

चार महिने गाळा बंद राहिला. वहिनींनी भांडीकुंडी, औषधं, व्यायाम, सगळं सांभाळलं. लेक औषधांच्या दुकानात कामाला होती, तिच्यावर घर चाललं होतं. एके दिवशी शेजारचा मेस्त्री टेम्पो घेऊन घरी आला. दातवाल्यांपाशी बसला, हवापाण्याचं बोलला आणि निघताना दारात वहिनींना हळूच म्हणाला, "राग मानू नका, पण ते वेल्डिंगचं मशीन पडून गंजतंय. कोणाला देऊन टाकायचं का? मी बघतो हवं तर."

वहिनींची नजर टेम्पोकडे गेली. मागे पोत्यात काहीतरी जड गुंडाळलेलं होतं. "ते काय आहे?"

"ट्रकचं हेड. बोल्ट तुटलाय आत. आता कोणाच्या पाया पडायचं, तेच बघतोय."

"ठेवून जा."

"ठेवून? आणि करणार कोण?"

"ठेवा हो, भाऊजी. दोन दिवसांनी या."

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवऱ्याला रिक्षाने गाळ्यावर नेलं, हात असलेल्या खुर्चीत बसवलं आणि शटर अर्धं खाली ओढलं. दातवाले बघत होते. बायकोने तारेच्या ब्रशने गंज झाडला. तुटलेल्या दांड्यावर आधी एक वायसर आणि त्यावर नट ठेवला, काळी काच डोळ्यांपुढे धरली आणि नटाच्या पोटातून खाली वेल्डिंग भरत आणलं. हात नवखा होता, पण कुठे सुरू करायचं, कुठे सोडायचं, ते डोळ्यांना पाठ होतं. लालबुंद झालेला नट काळा पडायला लागला. वहिनींनी पाना उचलला.

"थांब."

त्या थांबल्या. खरंच घाई झाली होती. अजून जरा निवायला हवं होतं. मग त्यांनी मेणबत्ती घेऊन फटीला टेकवली. मेण वितळून आट्यांत झरकन शोषलं गेलं. पाना लावून त्यांनी आधी केसभर आवळल्यासारखं केलं, मग सोडवायला ओढ घेतली. बोल्ट कुरकुरला.

"थांब," दातवाले म्हणाले, या वेळी हलक्याने. वहिनींनी पुन्हा किंचित आवळलं, पुन्हा सोडलं. मागे, पुढे, मागे, पुढे. दर वेळी गंजाची तांबडी भुकटी बाहेर यायची. तासाभराने तो दांडा अख्खाच्या अख्खा हातात आला. वहिनी मटकन खोक्यावर बसल्या. दातवाल्यांनी डावा हात पुढे केला, दांडा घेतला, बोटाने आटे चाचपले आणि खिशात टाकला.

मेस्त्री आला, भोकात बॅटरी मारून बघितलं. "कोणी काढलं?"

"दोघांनी," वहिनी म्हणाल्या.

गल्लीत बातमी पसरायला किती वेळ लागतो? आठवड्याभरात कामं यायला लागली. पुढची दोन वर्षं गाळा असा चालला. वहिनी काम करायच्या आणि दातवाले खुर्चीतून थांब म्हणायचे. त्या एका शब्दाच्या किती परी असतात, हे वहिनींना तेव्हा कळलं. लांबट थांब म्हणजे अजून आच दे. तुटक थांब म्हणजे ड्रिल मध्यावर नाही, कलतंय. नाकातून आलेला थांब म्हणजे छान चाललंय, चालू दे. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण दिवसभर ते आपल्याशी बोलताहेत असं वहिनींना पहिल्यांदाच वाटत होतं. त्यांना ते सुख कोणापुढे कबूल करवत नव्हतं. माणूस अर्धा लुळा पडलाय आणि आपल्याला बरं वाटतंय, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

पण हात शिकतोच. हळूहळू बोल्टचं दुखणं वहिनींच्या मनगटाला आपोआप कळायला लागलं. पान्यातून येणारी ओढ कधी मऊ पडते, कधी दांडा पिळला जातोय आणि आता तुटेल, हे त्यांना थांब ऐकू यायच्या आधी समजायचं. असंच एकदा पाण्याच्या पंपाच्या इंजिनातला बोल्ट काढताना दातवाले "थांब" म्हणाले, जोरात म्हणाले, खुर्चीवर हात आपटून म्हणाले. वहिनींना मनगटात कळत होतं की हा येतोय. त्या थांबल्या नाहीत. त्यांनी ओढ तशीच ठेवली आणि बोल्ट सुटून आला.

"बघा, आला!" त्या आनंदाने वळल्या.

दातवाले त्यांच्याकडे बघत होते. चेहऱ्यावर राग नव्हता. एखादा माणूस चुकीच्या घराची कडी वाजवतो आणि मग लक्षात आल्यावर जसा मागे सरतो, तसं काहीसं त्या नजरेत होतं.

दुसऱ्या दिवशी रिक्षा आली तेव्हा ते उठले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. वहिनींनी विचारलं, समजावलं, रागावूनही बघितलं. लेक म्हणाली, "बाबा, घरात बसून काय करणार? जा ना." ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. जेवण कमी झालं. व्यायाम सुटला. वहिनी गाळ्यावरची बोथट ड्रिल बिटं घरी आणून मुद्दाम त्यांच्यापुढे ठेवायच्या, "धार बघा हो जरा." ते बघायचे नाहीत.

सहा आठवडे गेले, आणि मग वहिनींनी ती गोष्ट केली.

इस्पितळाच्या चादरी धुवून पोचवणाऱ्या एका माणसाची गाडी होती. गल्ली त्याला चादरवाला म्हणायची. त्याच्या गाडीचं हेड कामाला आलं होतं, ॲल्युमिनियमचं, त्यात एक बारका बोल्ट तुटलेला. काम सोपं होतं. वहिनींनी बोल्टच्या बरोबर मध्यावर भोक पाडलं आणि त्यात इझी-आउट बसवलं. इझी-आउट म्हणजे उलट्या आट्यांचं, निमुळतं, अतिशय कडक पोलादाचं हत्यार. ते भोकात रुतवून उलटं फिरवलं की तुटका बोल्ट त्याच्याबरोबर फिरत बाहेर येतो. पण ते कडक म्हणून ठिसूळही असतं, आणि आत मोडलं तर मोठी पंचाईत. मग कुठलंच ड्रिल त्याला चावत नाही. भल्याभल्यांनी तिथे हात टेकलेले असतात.

वहिनींनी हातोडी घेतली आणि इझी-आउटवर बाजूने एक घाव घातला. ते काडकन मोडलं.

त्यांच्या मनात एवढंच होतं की आपलं यांच्यावाचून अडतं, हे यांना दिसावं. हेड पोत्यात गुंडाळून त्या दुपारीच घरी आल्या. जेवणाच्या टेबलावर जुनं फडकं पसरून त्यावर ते ठेवलं आणि म्हणाल्या, "अहो, फसले मी. इझी-आउट मोडलं आत. आता काय करायचं ते तुम्हीच सांगा."

दातवाले उठून बसले. कित्येक दिवसांत ते असे भरभर हलले नव्हते. काठी घेतली, टेबलापाशी आले, चष्म्याकडे बोट दाखवलं. वहिनींनी चष्मा घालून दिला. त्यांचे डोळे अगदी पूर्वीसारखे बारीक झाले होते. वहिनींचा जीव भांड्यात पडला.

डाव्या हाताचं बोट भोकावर गेलं. कडेकडेने गोल फिरलं आणि एका जागी अडलं. घाव बसला होता तिथे मऊ धातूची कड दबली होती. बोट पुन्हा फिरलं, पुन्हा तिथेच अडलं. मग त्यांनी अंगठ्याने बोल्टचा माथा पुसला आणि उजेडाकडे धरल्यासारखं वाकून बघितलं. आच दिली की लोखंडावर निळसर झाक येते. ती नव्हती. तेलाचा ओशटपणा नव्हता. मेण नव्हतं. आणि भोक मात्र कसं, केसाचाही फरक नाही, बरोबर मध्यावर. इतकं नेमकं भोक पाडणारा हात आच न देता, तेल न घालता इझी-आउट फिरवायला जाईल?

त्यांनी मान वर करून बायकोकडे बघितलं. वहिनी फरशीकडे बघत राहिल्या.

दातवाल्यांनी एका हाताने चष्मा काढला. टेबलावर ठेवून त्याच्या काड्या एकेक करून मिटल्या. त्याला बराच वेळ लागला. मग काठी टेकत आत गेले आणि पलंगावर पडले. हेड ढकलून दिलं असतं, काठी फेकून मारली असती, नुसतं एक थांब म्हणाले असते, तरी वहिनींना चाललं असतं.

आता तो तुकडा काढणं आलं. चार दिवस वहिनी त्याच एका कामापाशी बसल्या. डोळ्यांना चष्मा बांधून, बारीक कडक पंच त्या तुकड्यावर ठेवून, हलक्या हातोडीने टिचवायचा. काचेसारखी कपची उडायची. ती सुईने उकरायची, चुंबकाने उचलायची, डब्याच्या झाकणात ठेवायची. पुन्हा पंच. जोर जास्त झाला तर आजूबाजूचं ॲल्युमिनियम फाटणार. मान आखडली, बोटं सुजली. चादरवाला रोज फोन करत होता. त्याने चादरी पोचवायला दुसऱ्याची गाडी मागून आणली होती.

लेकीला एव्हाना सुगावा लागला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने विचारलं, "आई, तू मुद्दाम मोडलंस?"

वहिनी डबा भरत होत्या. "हो."

"आणि त्या माणसाला काय सांगतेस?"

"अवघड आहे म्हणून सांगते."

"म्हणजे खोटंच."

"अवघड तर आहेच गं," वहिनी म्हणाल्या आणि झाकण उलटंच बसवायला लागल्या. लेकीने आईच्या हातातून डबा घेतला आणि स्वतः झाकण लावलं.

चौथ्या दिवशी दुपारी शेवटची कपची निघाली. मग आच देऊन, वेल्ड करून बोल्टही काढला. भोक स्वच्छ पुसलं. झाकणातले तुकडे घेऊन वहिनी घरी आल्या, पलंगाजवळच्या तिपाईवर ते झाकण ठेवलं, शेजारी इझी-आउटचा बाहेर राहिलेला अर्धा भाग ठेवला आणि चहा टाकायला गेल्या. आत जेवढं गेलं तेवढं बाहेर मोजून घ्यायचं, हा दातवाल्यांचा शिरस्ता त्यांनी बावीस वर्षं बघितला होता.

चहा घेऊन आल्या तेव्हा दातवाले पलंगाच्या कडेला बसले होते. डाव्या हाताच्या नखाने एकेक कपची सरकवत होते. उलटी करायचे, फिरवायचे, दुसरीला जुळवायचे. मधूनच नख घसरायचं आणि सगळं विस्कटायचं, मग पुन्हा पहिल्यापासून. चहावर साय धरली. वहिनी उभ्याच होत्या. तासाभराने तिपाईवर इझी-आउटचं मोडलेलं टोक जवळजवळ पुरं झालं. एका बाजूला तांदळाच्या दाण्याएवढी फट तेवढी राहिली.

त्यांनी त्या फटीवर बोट ठेवलं. "थांब."

"सगळे काढलेत हो. चुंबक फिरवलं मी."

"थांब."

वहिनी तशाच चपला घालून गाळ्यावर गेल्या. भोकाच्या तळाशी इंजिनात तेल जायची एक बारीक वाट होती. वाकवलेल्या तारेच्या टोकाला ग्रीस लावून त्यांनी ती आत फिरवली. एकदा, दोनदा, दहादा. अकराव्या खेपेला तारेला चिकटून तो दाणा बाहेर आला. हा आत राहिला असता तर तेलाबरोबर फिरून चादरवाल्याचं इंजिन महिन्याभरात खाऊन टाकलं असतं.

घरी येऊन त्यांनी तो दातवाल्यांच्या तळव्यावर ठेवला. त्यांनी तो फटीत बसवला, नीट बसला. झाकण बाजूला सारलं आणि थंड झालेला चहा पिऊन टाकला.

वहिनींना वाटलं, झालं, गाडी रुळावर आली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मोठ्या आशेने विचारलं, "येता ना?" त्यांनी मान हलवली. नाही. त्यानंतर त्या रोज विचारायच्या आणि ते रोज मान हलवायचे. जेवायला मात्र लागले. लेकीशी पत्ते खेळायला लागले, डाव्या हाताने, लबाडी करून. वहिनींकडेही बघायचे. पण त्या प्रसंगाबद्दल दोघांत काही बोलणं झालं नाही. होणार तरी कसं? एकाला शब्द नव्हते, आणि दुसरीकडे होते पण तोंड उघडत नव्हतं. माफी मागायची म्हणून वहिनी कितीदा पलंगापाशी जाऊन बसल्या आणि गोळ्या घेतल्यात का, एवढंच विचारून उठल्या. उद्या मागू, असं म्हणत चार महिने गेले.

एका दुपारी लेकीचा फोन आला तेव्हा वहिनींनी नुकतीच आच लावली होती. "आई, बाबा उठत नाहीयेत," एवढंच ती म्हणाली. वहिनींनी गॅस बंद केला, शटर उघडं टाकलं आणि पदर खोचलेला तसाच धावत सुटल्या. पोचल्या तेव्हा दातवाले कुशीवर झोपलेले होते. तोंड भिंतीकडे नव्हतं, दाराकडे होतं. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले, काही कळलंही नसेल. वहिनी त्यांच्या उजव्या हाताशी बसल्या, जो हात तीन वर्षं कशालाच लागला नव्हता. त्यावर जुन्या भाजल्याच्या खुणा तशाच होत्या. त्या खुणांना हात लावून त्या जे काय बोलायचं राहिलं होतं ते बोलल्या. लेक बाहेरच्या खोलीत गेली आणि तिने दार ओढून घेतलं.

भेटायला गल्ली लोटली. चादरवालाही आला. खुर्चीच्या कडेला टेकून म्हणाला, "फार मोठा हात गेला. आमची गाडी काय मस्त चालते त्या कामापासून."

वहिनींनी त्याच्याकडे बघितलं. "तुमच्या गाडीत इझी-आउट मी मुद्दाम मोडलं होतं," त्या म्हणाल्या. "ह्यांना घराबाहेर काढायला. चार दिवस तुमची गाडी बंद राहिली ती माझ्यामुळे."

चादरवाल्याने हातातला कप खाली ठेवला. "बरं," तो शेवटी म्हणाला. मग थोडा वेळ बसला, लेकीची चौकशी केली आणि उठून गेला. त्यानंतर त्याने आपलं काम कधी त्या गाळ्यावर आणलं नाही.

पुढे बऱ्याच दिवसांनी शेजारच्या मेस्त्रीने विषय काढला. "कशाला सांगितलंत, वहिनी? त्याला आयुष्यात कळलं नसतं. चांगलं गिऱ्हाईक गेलं."

वहिनी एका इंजिनाचं हेड पुसत होत्या. "भाऊजी, एवढं एकच काम मी ह्यांच्या गाळ्यात वाईट केलं," त्या म्हणाल्या. "ह्यांच्याजवळ बोलायचं राहून गेलं. मग निदान ज्याचं काम होतं त्याच्याजवळ तरी..."

बाहेर ट्रकवाला खोळंबला होता. त्यांनी काळी काच डोळ्यांपुढे धरली आणि मेस्त्रीला म्हणाल्या, "बाजूला बघा, उजेड डोळ्यांवर येईल."